एक ‘माइ’ खरेदीचा, दुसरा विक्रीचा : मलेशियातील चिनी शाळांचा धडा

चिनी भाषेत विकत घेण्याला ‘माइ’ म्हणतात आणि विकण्यालाही ‘माइ’च म्हणतात. फरक फक्त सुराचा. घेण्याचा ‘माइ’ खालच्या पट्टीत जाऊन किंचित वर उचलला जातो. विकण्याचा ‘माइ’ वरून खाली, तोडून टाकल्यासारखा म्हणतात. दोन्ही शेजारी ठेवले की ‘माइमाइ’ हा शब्द होतो आणि त्याचा अर्थ व्यापार. लिहिण्यातही अशीच गंमत आहे. आजच्या सोप्या केलेल्या चिनी लिपीत ‘घेणे’ या अक्षराच्या डोक्यावर ‘दहा’ची खूण ठेवली की ‘विकणे’ हे अक्षर तयार होते. खरेदीवर दहा चढवले की विक्री! शाळेतले मूल हे एकदा ऐकते आणि जन्मभर विसरत नाही. तेच शिकायला चाळिशीतल्या व्यापाऱ्याला महिने लागतात. तोपर्यंत तो दुभाष्याच्या तोंडाकडे पाहत सौदा करतो आणि दुभाष्या कोणाच्या बाजूचा, हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही.

आज आपल्या बाजारात यंत्रे, सुटे भाग, खेळणी, कुलपे, दिवे, कापड असा कितीतरी माल चीनमधून येतो. तेव्हा ही भाषा मुलांना शाळेतच शिकवावी का, हा प्रश्न आपल्याला परका नाही. मलेशियातील मुस्लिम आईबापांनी तो आपल्या घरापुरता सोडवून पाहिला आहे. त्यांना काय मिळाले आणि त्याची किंमत काय पडली, हे समजून घेण्यासारखे आहे.

शाळा कशा उभ्या राहिल्या

मलाया द्वीपकल्पात चिनी लोक व्यापार, कथिलाच्या खाणी आणि मजुरी यांसाठी आले. पेनांग येथे १८१९ मध्ये चिनी पाठशाळा सुरू झाल्याची नोंद आहे. तेथे जमलेले लोक एकच बोली बोलणारे नव्हते. कोणी होक्कियन बोले, कोणी कँटनी, कोणी हाक्का, कोणी तिओच्यू. एकाची बोली दुसऱ्याला कळत नसे. १९२० च्या सुमारास या शाळांनी बोली बाजूला ठेवून मंदारिन, म्हणजे उत्तर चीनच्या बोलीवर आधारलेली प्रमाण भाषा, शिकवण्यासाठी स्वीकारली. म्हणजे तेथील बहुतेक चिनी मुलांनाही मंदारिन घरी मिळालेली नव्हती. त्यांनीही ती शाळेतच मिळवली. भाषा रक्तातून येत नाही, बाकावर बसून येते, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवावी.

स्वातंत्र्याच्या तोंडावर, १९५६ मध्ये, रझाक समितीच्या अहवालाने एक तोड काढली. प्राथमिक शाळा चिनी माध्यमात चालू राहाव्यात, पण सर्वांचा अभ्यासक्रम सारखा असावा आणि मलय भाषा सर्वांनी शिकावी. १९६१ च्या शिक्षण कायद्याने माध्यमिक शाळांना सरकारी मदत हवी असल्यास माध्यम बदलणे भाग पाडले. ज्यांनी बदलले नाही त्या शाळा समाजाच्या देणग्यांवर चालू लागल्या. अशा स्वतंत्र चिनी माध्यमिक शाळा आजही साठच्या आसपास आहेत, आणि १९७५ पासून त्या आपली स्वतःची सामाईक परीक्षा घेतात. दुकानदार, कारखानदार आणि मजूर यांच्या वर्गणीवर साठ वर्षांहून अधिक काळ शाळा चालवणे ही लहान गोष्ट नव्हे.

सरकारी मदत घेणाऱ्या चिनी प्राथमिक शाळा सुमारे १३०० आहेत. त्यांत पूर्वी जवळजवळ सगळी चिनी मुले असत. २०१० मध्ये भूमिपुत्र, म्हणजे मलय आणि तेथील मूळ रहिवासी, मुलांचे प्रमाण शेकडा ९.५ होते, २०२० पर्यंत ते शेकडा १५ च्या वर गेले. यांत मलय मुस्लिम घरांतली मुले मोठ्या संख्येने आहेत.

आईबाप काय पाहतात

पहिले कारण रोजगाराचे. २००९ पासून चीन हा मलेशियाचा सर्वांत मोठा व्यापारी भागीदार आहे. खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींत ‘मंदारिन आवश्यक’ अशी अट वारंवार असते. ही अट म्हणजे मलय तरुणांना दूर ठेवण्याची युक्ती आहे, अशी तक्रार तेथे अनेक वर्षे चालू आहे. काही आईबापांनी तक्रार चालू ठेवली आणि मुलाचे नावही चिनी शाळेत घातले. दुसरे कारण शिस्त आणि गणित. या शाळांत गृहपाठ भरपूर आणि पाठांतर पक्के, असा त्यांचा लौकिक आहे.

मुस्लिम मुलाच्या दीनी तालमीचे काय, हा प्रश्न साहजिक आहे. मलेशियाच्या १९९६ च्या शिक्षण कायद्यात त्याचे उत्तर आहे. शाळेत पाच किंवा अधिक मुस्लिम विद्यार्थी असले की आठवड्यात किमान दोन तास, मान्यताप्राप्त शिक्षकाकडून, इस्लामचे शिक्षण देणे शाळेवर बंधनकारक आहे. अनेक शाळांच्या उपाहारगृहात हलाल जेवणाची सोय असते. नववर्षाच्या कार्यक्रमात कोणती गोष्ट रीतिरिवाजाची आणि कोणती पूजेची, हे निवडणे मात्र आईबापांवरच येते. कंदील करणे, कुंचल्याने अक्षर काढणे, ढोल वाजवणे यांना बहुतेकांची हरकत नसते. १९८८ मध्ये जोहोर बाहरू येथील शाळेत सुरू झालेले चोवीस ढोलांचे पथक तर आता देशभर पोचले आहे.

या शाळांनाच आव्हान देणारा दावाही न्यायालयात गेला. त्या घटनेच्या विरोधात नाहीत, असा निकाल क्वालालंपूरच्या उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये दिला आणि अपील न्यायालयाने तो नोव्हेंबर २०२३ मध्ये कायम केला.

वर्गात काय शिकवतात

आता प्रत्यक्ष अभ्यासाकडे वळू. यातील बराचसा भाग आपल्या वाचकांनाही उपयोगी पडेल.

पहिला भाग उच्चाराचा. पहिलीतील मूल आधी पिनयिन शिकते, म्हणजे रोमन अक्षरांत चिनी उच्चार लिहिण्याची पद्धत. येथे मराठी बोलणाऱ्याला आयता फायदा आहे. पिनयिनमध्ये रोमन ‘बी’ लिहिलेले असते तेथे उच्चार आपल्या ‘प’चा होतो आणि ‘पी’ असते तेथे ‘फळ’मधील ‘फ’चा. ‘डी’ म्हणजे ‘त’च्या जवळचा, ‘टी’ म्हणजे ‘थ’च्या. ‘जी’चा ‘क’ आणि ‘के’चा ‘ख’. पळ आणि फळ, ताट आणि थाट, काल आणि खाल यांतला फरक आपले मूल आईकडूनच शिकते. इंग्रजी बोलणाऱ्याला तो मुद्दाम शिकवावा लागतो. शिवाय ‘चार’मधला च आणि ‘चाक’मधला च वेगळा, हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही. चिनी भाषेत हे दोन्ही च आहेत.

अडचण आहे ती सुरांची. चार सूर आहेत. आपणही ‘हो’ हा शब्द वेगवेगळ्या सुरांत म्हणतो. हाक आली की लांबवलेला सपाट ‘होऽऽ’, शंका आली की वर जाणारा ‘हो?’, नाइलाजाने दिलेला दबका ‘हो’ आणि वैतागून तोडलेला ‘हो!’ आपल्याकडे सूर बदलला तर मनातला भाव बदलतो. चिनी भाषेत शब्दच बदलतो. दबका सूर विसरलात तर घेण्याऐवजी विकायला निघाल्यासारखे होते.

दुसरा भाग लिपीचा, आणि खरी मेहनत येथेच. चीनमध्ये १९८८ साली ठरवलेल्या यादीत नेहमीच्या वापराची ३५०० अक्षरे आहेत. त्यांतील २५०० सर्वांत जास्त लागणारी. मूल चौकोनी घरांच्या वहीत एकेक अक्षर पुन्हा पुन्हा गिरवते. कोणती रेघ आधी, कोणती नंतर, हा क्रम ठरलेला असतो. मग श्रुतलेखन होते. चुकलेले अक्षर पुन्हा लिहून आणायचे. ही अक्षरे सुट्या चित्रांसारखी नसतात, बरीचशी भागांनी जोडलेली असतात. लोखंड, तांबे, चांदी, सुई, कुलूप आणि पैसा या सर्वांच्या अक्षरांत डाव्या बाजूला धातूची एकच खूण येते. दोरा, विणणे, भरतकाम, तांबडा रंग आणि कागद यांच्या अक्षरांत रेशमाची खूण येते. ज्याच्या घरी माग आहे किंवा जरीकाम चालते, त्याला ही खूण पाहताच अंदाज बांधता येईल.

व्याकरण त्या मानाने सोपे आहे. क्रियापदाची रूपे बदलत नाहीत. मराठीतल्यासारखे तो, ती, ते असे नामाचे लिंग नाही. मात्र मोजताना वस्तूला तिचे माप लावावे लागते. आपण एक ताका कापड, एक जोडी चप्पल, एक घड केळी म्हणतो तसेच. कापडाच्या ताक्याला ‘फी’ आणि जोडीला ‘श्वांग’. हे माप न लावता बोललात तर अर्थ कळतो, पण माणूस नवखा आहे हेही कळते.

हिशेबाची भाषा

तिसरा भाग अंकांचा. व्यापाऱ्याने सुरुवात येथूनच करावी. मराठीत एक ते शंभरपर्यंतचा जवळजवळ प्रत्येक आकडा वेगळा पाठ करावा लागतो. एकोणपन्नास आणि एकोणसाठ यांत मोठी माणसेही अडखळतात. चिनीत अकरा म्हणजे ‘दहा-एक’, एकवीस म्हणजे ‘दोन-दहा-एक’, नव्याण्णव म्हणजे ‘नऊ-दहा-नऊ’. दहा शब्द आले की नव्याण्णवपर्यंत सगळे आले.

मोठ्या रकमांत मात्र जपून राहावे. आपण हजारानंतर लाख आणि कोटी म्हणतो. चिनी लोक दहा हजाराला एक ‘वान’ म्हणतात आणि पुढची मोजणी वानातच करतात. एक लाख म्हणजे दहा वान. दहा लाख म्हणजे शंभर वान. एक कोटी म्हणजे हजार वान. समजा, आपला एखादा कारखानदार यंत्राचा भाव विचारतो आणि समोरचा ‘पंधरा वान’ म्हणतो. ते पंधरा हजार समजले तर सौदा सुरू होण्याआधीच बिघडला. ते दीड लाख आहेत.

वजनाचेही तसेच. चीनच्या बाजारात ‘चिन’ हे माप चालते आणि ते अर्ध्या किलोचे असते. भाव चिनचा आहे की किलोचा, हे आधी विचारावे.

आणखी एक गोष्ट हुंडी, धनादेश यांची. चिनी लिपीत एक, दोन, तीन हे आकडे म्हणजे एक, दोन आणि तीन आडव्या रेघा. एकाला रेघ जोडून दोन करणे किती सोपे! म्हणून पावती, धनादेश व करारनाम्यात आकड्यांची वेगळी, भरगच्च अक्षरे वापरतात. आपण ‘अक्षरी रुपये अमुक फक्त’ लिहितो, त्यामागेही हाच विचार आहे. चिनी कागदावर रक्कम केवळ साध्या रेघांत लिहिलेली दिसली तर तेथे थांबावे.

वागण्याचे धडे

भाषेबरोबर वागणूक शिकवली जाते, वेगळा तास न घेता. मूल शिक्षकांना वही दोन्ही हातांनी देते. मोठेपणी ओळखपत्र आणि भेटवस्तूही दोन्ही हातांनी देते. आडनाव आधी आणि नाव नंतर, हे त्याला हजेरीतच कळते. दुकानदाराला ‘लाओपान’ म्हणतात, आपण ‘शेठ’ म्हणतो तसे. ‘जेवलात का?’ हा तेथे नमस्कारासारखा प्रश्न आहे, आपल्या गावाकडे असतो तसाच. आणि तोंडावर ‘नाही’ म्हणणे टाळून ‘विचार करू’ असे कोणी दोनदा सांगितले, तर आपल्या ‘बघू’चा जो अर्थ तोच बहुधा तेथेही घ्यावा.

चार या आकड्याचा उच्चार ‘मृत्यू’ या शब्दाजवळ जातो, म्हणून तो अशुभ मानतात. मलेशियात पुष्कळ इमारतींत चौथ्या मजल्याला ‘तीन ए’ म्हणतात. आठ हा आकडा भरभराटीच्या शब्दाशी जुळतो, म्हणून प्रिय. भिंतीवरचे घड्याळ भेट देऊ नये. ‘घड्याळ देणे’ हे शब्द ‘अंत्यसमयी जवळ असणे’ या अर्थाच्या शब्दांसारखे ऐकू येतात. आपल्याला शुभअशुभाच्या या कल्पना मान्य असण्याची गरज नाही. गिऱ्हाइकाला काय खुपते हे ठाऊक असले म्हणजे झाले.

मेजवानीत दारूचा पेला पुढे आला तर मुस्लिम व्यापाऱ्याने संकोचून जाऊ नये. ‘ई छा ताइ च्यू’, म्हणजे ‘मद्याऐवजी चहा’, असे म्हणून चहाचा पेला उचलण्याची रीत चिनी लोकांत जुनी आणि सभ्य मानलेली आहे. आपला ‘चहा’ शब्द मुळात त्यांच्या ‘छा’वरूनच आलेला आहे. चीनमध्ये हलाल खाणावळीवर ‘छिंगचन’ ही दोन अक्षरे असतात. शब्दशः अर्थ ‘निर्मळ आणि खरे’. परदेशी जाणाऱ्या प्रत्येकाने ही दोन अक्षरे तरी ओळखायला शिकावीत.

सणांचा हिशेब धंद्यालाही लागतो. चिनी नववर्ष २१ जानेवारी ते २० फेब्रुवारी या दरम्यान येते, आणि त्या सुमारास चीनमधले कारखाने अनेक दिवस बंद असतात. चिनी पंचांगात आपल्याकडच्या अधिक मासासारखा जादा महिना धरतात, त्यामुळे सण ऋतू सोडत नाही. हिजरी वर्षात असा महिना नसतो, म्हणून ईद दरवर्षी सुमारे अकरा दिवस मागे येते. यामुळे साधारण तेहतीस वर्षांनी दोन्ही सण जवळ येतात. १९९६ ते १९९८ या तीन वर्षांत ते एकमेकांना लागून आले होते आणि मलेशियात ते ‘गोंगशी राया’ या जोडनावाने साजरे झाले. फेब्रुवारी २०२९ मध्ये ते पुन्हा असेच जवळ येतील. चिनी लोक नववर्षाला लाल पाकिटातून पैसे देतात. मलय मुस्लिमांनी ती रीत उचलून ईदीसाठी हिरवे पाकीट केले. शेजाऱ्याची चांगली रीत घ्यावी आणि रंग आपला ठेवावा, असे याचे सार.

किंमत किती पडते

आता दुसरी बाजू. घरात कोणालाच चिनी येत नसले तर रात्री गृहपाठाच्या वहीसमोर मूल एकटे पडते. गणित आणि विज्ञानही चिनीतच, त्यामुळे अक्षर अडले की गणितही अडते. शिकवणी लावावी लागते आणि ती स्वस्त नसते. काही मुले मध्येच शाळा सोडून मलय माध्यमात जातात. मग धड एक ना धड दुसरे, अशी अवस्था होण्याची भीती असते.

दुसरा धोका सहावीनंतरचा. बहुतेक मुले पुढे मलय माध्यमाच्या माध्यमिक शाळेत जातात. तेथे किमान पंधरा विद्यार्थ्यांच्या पालकांनी मागणी केली तर चिनीचा वर्ग मिळू शकतो, पण तो माध्यम नसतो, फक्त एक विषय असतो. बोलणे टिकते, अक्षरे मात्र हातातून निसटू लागतात. हुनर जसा रोज हाताखालून गेला नाही तर गंजतो, तसेच हे आहे. म्हणून ज्या घरांनी आधीच ठरवले की बारा वर्षांचा झाल्यावरही मुलगा आठवड्यातून काही तास वाचेल आणि लिहील, त्यांच्याच सहा वर्षांचे चीज झाले.

आपण काय घ्यावे

आपल्याकडे अशा शाळा नाहीत. राष्ट्रीय शिक्षण धोरणाच्या २०१९ च्या मसुद्यात परकीय भाषांमध्ये चिनीचे नाव होते. २०२० च्या अंतिम धोरणातील उदाहरणांत ते राहिले नाही. तेव्हा शाळेची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. एका घरातला, एका मोहल्ल्यातला एखादा होतकरू मुलगा किंवा मुलगी हेरून तिला नीट शिकू द्यावे. दहा व्यापाऱ्यांनी मिळून एकाची फी भरली तरी दहा दुकानांची सोय होते. मात्र मराठी, उर्दू आणि इंग्रजी कच्ची ठेवून चिनीच्या मागे लागू नये. कच्च्या सुताचा ताणा टिकत नाही.

वय झालेल्यांनीही हात झटकू नयेत. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले तेव्हा त्यांचे वय सत्तावीसच्या पुढे होते आणि चिनी भाषा त्यांना येत नव्हती. थोड्या वर्षांत ते त्याच भाषेत वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकवू लागले.

ज्याला निदान आपला सौदा सांभाळायचा आहे, त्याने क्रम असा ठेवावा :

१. एक ते दहा आकडे, शंभर, हजार आणि वान.

२. घेणे आणि विकणे यांचे दोन सूर, जाणकारासमोर मोठ्याने म्हणून.

३. आपल्या धंद्यातील वीस वस्तूंची नावे, त्यांची मापे आणि अक्षरे.

४. पावतीवरील आकड्यांची भरगच्च अक्षरे, ओळखण्यापुरती.

५. ‘छिंगचन’ आणि ‘मद्याऐवजी चहा’.

एवढ्याने कोणी पंडित होणार नाही. पण दुभाष्या भाव सांगत असताना आकडा आपल्या कानावर पडेल आणि तो खरा सांगितला की नाही, हे आपल्याला कळेल. मलेशियातील बापाने मुलाला चिनी शाळेत घातले ते याचसाठी. त्याला स्वतःला जो आकडा कळला नाही, तो मुलाला कळावा.